क्रेनखालचा मंडप

काल मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याला रंग दिला आणि त्या वासाने बंदरातली एक सकाळ उकरून काढली. मालवाहू टर्मिनलचा मी व्यवस्थापक होतो. नव्या क्रेनचं उद्घाटन होतं; तिने पाहुण्यांसमोर पहिला कंटेनर उचलून दाखवायचा होता. तिचा रंग इतका ओला होता की हात लावला की पिवळा होई. पाहुण्यांना जवळून दिसावं म्हणून मंडप वरून जाणाऱ्या कंटेनरच्या वाटेखालीच घातला होता, आणि मंडपाच्या जागेच्या नकाशावर सही माझी होती. वारा वाढला, झालर फडफडू लागली. वायरलेसवर राजोडीचा क्रेनचालक म्हणाला, “सायेब, खाली मानसं हायत. मी नाय उचलनार.” शेजारी मोठे साहेब पुटपुटले, “हार घालून झाले, उचलायला सांगा.” मंडप चुकीच्या जागी आहे, एवढं म्हणायचं होतं. मी माइक घेतला आणि म्हणालो, “चालकाच्या चुकीमुळे क्रेन बंद पडली आहे.” पाहुणे हसले, नारळ फोडून जेवायला गेले. तो खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. “माझी चूक कोनती, तेवढं लिहून द्या सायेब. घरी इचारतील.” मी ते आजवर लिहून दिलेलं नाही. जिन्याचा रंग वाळलाय म्हणतात. मी मात्र कठड्याला हात न लावताच चढतो.