फोकसच्या चाकावरचं कुंकू

पहिल्या मेलमध्ये दुर्बीण नव्हतीच. काळ्या पार्श्वभूमीवर एक चमकती कड, आणि खाली इंग्रजीत एवढंच, की आजवर तुम्ही अर्धंच पाहिलंत. आठवड्याने दुसरा मेल आला, त्यात काचेचा हिरवट-जांभळा कोपरा. मग वेटिंग लिस्ट; मीही नाव घातलं. किंमत कुठेच नाही. मी स्वतः जाहिरातींचंच काम करते, त्यामुळे हे डावपेच मला कळत होते. तरी तुकोगंजच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते मेल पुन्हा पुन्हा उघडायची, आणि घरी आल्यावर बाबांची जुनी दुर्बीण आधीपेक्षा जड वाटायची.

ती त्यांनी इरिगेशनच्या नोकरीत असताना घेतलेली. मी रविवारी पक्षी बघायला जाऊ लागले तेव्हा त्यांनी ती आपणहून माझ्या गळ्यात घातली. आमच्याकडे खंडेनवमीला पूर्वजांची एक बोथट तलवार पाटावर मांडतात, आणि शेजारी घरातल्या कामाच्या वस्तू: बाबांचे नट-बोल्टचे पाने, आईची कात्री, माझा लॅपटॉप. दुर्बिणीला मात्र बाबाच कुंकू लावत, बरोबर फोकसच्या चाकावर. "हिचं काम इथूनच चालतं," म्हणत. इतक्या वर्षांचं कुंकू चाकाच्या खाचांत बसून तपकिरी झालं होतं.

मग त्या नव्या दुर्बिणीच्या कंपनीने लिस्टमधल्या लोकांना सांवेरच्या बाजूच्या एका तलावावर बोलावलं. वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची. अंधुक उजेडातच महागडी काच वेगळी पडते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आणि आपापली जुनी दुर्बीण सोबत आणायला सांगितलं होतं.

बाबा बाइकवर सोडायला आले आणि थांबले. दहा-बारा जण होते, बहुतेकांच्या गळ्यात भारी दुर्बिणी. आमची मी जॅकेटच्या आत ठेवली होती.

"पहले अपनी वाली से देखिए मैडम, फिर हमारी से," कंपनीचा माणूस म्हणाला. "मैं कुछ नहीं बोलूँगा, आँख खुद बोलेगी."

आमच्या दुर्बिणीतून पलीकडच्या काठावर एक राखी ठिपका दिसला. नव्यातून तो बगळा होता, आणि त्याच्या चोचीवरून पाणी टपकत होतं. माझ्या तोंडून "ओह" निघालं. त्याला तेवढंच हवं होतं.

त्याने आमची दुर्बीण हातात घेऊन चाक फिरवलं. दवाने ओलावलेल्या चाकाने त्याचा अंगठा तांबडा झाला.

"अरे मैडम, इसमें तो जंग लग गई है."

"भिया, म्यूज़ियम में रखवा दो इसको!" मागून कोणीतरी त्या माणसाला म्हणालं. सगळे हसले.

"हाँ, जंग ही है," मी म्हणाले. "मेरी नहीं है. किसी ने दी थी."

बाबा माझ्यापासून दोन पावलांवर उभे होते.

त्या माणसाने त्यांनाही नवी दुर्बीण दिली. त्यांनी पाहिलं, आणि ती दोन्ही हातांनी परत केली. "बहुत बढ़िया है साहब." परतताना मी बाइकवर त्यांच्या मागे बसले. वाटेत ते म्हणाले, "लिस्टमध्ये तुझा नंबर कितवा गं?" मी सांगितला. बाकी काही सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढचे कित्येक आठवडेही नाही.

खंडेनवमीच्या सकाळी मेल आला, की तुमचा नंबर लागला आहे. मी फोन उलटा ठेवून देवघरात गेले. दुर्बीण पाटावर होती. चाक लख्ख काळं, खाचा टोकरून साफ केलेल्या. बाबांनी तलवारीला, पान्यांना, लॅपटॉपला कुंकू लावलं. दुर्बिणीवर नुसतं झेंडूचं फूल ठेवलं.

"अहो, दुर्बिणीला राहिलं," आई म्हणाली.

"नको. जंग लागते."

"कुंकवाने कधी जंग लागते का? कायतरीच तुमचं!" आई हसली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

"बाबा, ते कुंकू आहे हे मला माहीत होतं," मी म्हणाले.

"तुला माहीत होतं, हे मलाही माहीत होतं," ते म्हणाले, आणि करंडा माझ्याकडे सरकवला.

मी भरभरून चिमूट घेतली. कुंकू चाकावर लागलं, आणि काचेवरही सांडलं. बाबांनी दुर्बीण उचलून काच फुंकून साफ केली. चाक तसंच ठेवलं.