आयव्हीएफ सेंटरातली शिकाऊ बाई

शिकाऊ डॉक्टरच्या लॉगबुकात केसेसची नोंद होते, किश्शांची होत नाही. ते आपोआप साठत जातात, ड्रॉवरमधल्या जुन्या पेनांसारखे. आवराआवर काढली की एकेक हाताला लागतं.

लातूरला बारा वर्षं डिलिव्हऱ्या केल्यावर मला वंध्यत्वाच्या उपचारांची फेलोशिप करायची हुक्की आली. नांदेडच्या एका आयव्हीएफ सेंटरात जागा मिळाली. शेवटी परीक्षा. ती पास झाले तरच सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असेल तरच लातूरला माझं स्वतःचं सेंटर. थोडक्यात, चाळिशीत मी पुन्हा शिकाऊ!

औशाच्या मामांना हे कळलं तेव्हा ते विचारात पडले.

"अजून शिकायलीसच व्हय? मग आजवर बाळंतपणं कशी केलीस गं?"

त्यांच्या सुनेचं बाळंतपण मीच केलं होतं. फेलोशिपचं कळल्यापासून ते नातवाकडे जरा संशयानेच बघतात.

*

आमच्या सेंटरच्या मॅडम शिकवायला उत्तम, पण पेशंटला हात लावू देतील तर शपथ! लॅबमध्ये तयार झालेला गर्भ एका बारीक नळीने, म्हणजे कॅथेटरने, गर्भाशयात सोडायचा असतो. पहिले कित्येक महिने ही नळी माझ्या हातात आली ती फक्त रबरी मॉडेलसाठी. रोज दुपारी मी त्या मॉडेलसमोर बसायचे आणि रिकामी नळी आत-बाहेर करायचे.

एक दिवस कमलसिस्टर दारातूनच ओरडल्या, "बास करा डॉक्टर, आता हिलाच दिवस जायचे!"

*

लॅबमध्ये कसलाही वास चालत नाही. अत्तर नाही, गजरा नाही, डोक्याला तेलसुद्धा नाही. लॅब सांभाळणारे बिरादार उदगीरचे. कपाळावर भस्माचे पट्टे, सोमवार एकदम कडक. एका पेशंटच्या सासऱ्यांनी गर्भांना आशीर्वाद म्हणून लॅबच्या दारातच उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. बिरादार धावत बाहेर आले.

"मालक, आधी विझवा!"

"तुमी शिवभक्त दिसता, आन् उदबत्तीला नको म्हंता?"

"महादेवाला हजार पेटवा! पर आतल्यांला अजून नाक बी न्हाई आलं, तरी वास सोसत न्हाई!"

सासऱ्यांनी मुकाट्याने उदबत्त्या विझवल्या आणि बंद दाराला नमस्कार केला.

*

पेशंटला समजावून सांगण्यालाही मार्क असतात. मॅडम शेजारी बसून ऐकत होत्या आणि समोर धर्माबादकडचे एक शेतकरी होते. मी त्यांना दहा मिनिटं चित्रं काढून सांगितलं, की एकावेळी एकच गर्भ सोडणं सगळ्यात सुरक्षित. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाच टाका. दोन तरी उगवतील."

मॅडमना राहवलं नाही. "आणि पाचही उगवले तर?"

त्यांनी बोटांवर हिशोब केला. "मग दोन मेव्हण्याला देतो. त्यालाबी न्हाई!"

मार्क किती मिळाले ते विचारू नका.

*

मला मूल नाही. आम्ही दोघांनी ठरवूनच होऊ दिलं नाही. पण हे कोणाला सांगणार? ओपीडीत एका आजीबाईंनी विचारलंच, "तुमाला किती लेकरं?"

"एकही नाही."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणला. "एकदा मॅडमला दाखवा की. म्या सांगते त्यांना, वळख हाय माझी."

त्या हाताने मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करते. मग मी पुढचा पेशंट बोलावला.

*

आता परीक्षेचा दिवस. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई हातात फॉर्म घेऊन कोपऱ्यात उभ्या. पेशंट रुक्मिण, हिमायतनगरकडच्या शेतकरी घरातली सून. लॅबमध्ये उरलेला तिचा हा शेवटचा गर्भ. शिकाऊ डॉक्टर करतील, मॅडम शेजारी असतील, हे तिने मान्य केलेलं.

नियम असा, की गर्भ सोडण्याआधी पेशंटने स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आम्ही सुचवायचं नाही. ती जे बोलेल ते लॅबच्या खिडकीतून बिरादारांनी शब्दन् शब्द परत म्हणायचं आणि गर्भाच्या बशीवरच्या नावाशी ताडून बघायचं. यात चुकलं, तर बाकी कितीही सुरेख करा, नापास!

"तुमचं नाव?"

"रुक्मिण."

खिडकीतून बिरादारही म्हणाले, "रुक्मिण."

"मालकांचं?"

तिने जीभ चावली.

"त्यांचं नाव कसं घ्यावं बाई? सासूबाई भाईर बसल्यात. कागदावर हाय की!"

"तुम्हीच सांगायला हवं."

"इतकी वर्षं झाली, कधी न्हाई घेतलं."

कमलसिस्टरांनी तिला गोंजारून बघितलं. मॅडमनी समजावलं. ती आढ्याकडे बघत पडून राहिली. परीक्षक बाईंचं पेन फॉर्मवर टेकलं. खरं सांगते, मला रडू यायचंच बाकी होतं. सगळी फेलोशिप एका नावावर अडली होती!

आणि अचानक रुक्मिणने अंगावरची ऑपरेशनची हिरवी चादर ओढून डोक्यावर पदरासारखी घेतली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"काचेच्या बशीत जीव इवलासा,
माधवराव कदमांचं नाव घेते, हात हलका ठेवा जरासा!"

खिडकीतून बिरादारांनी बशीवरचं नाव वाचलं आणि परीक्षेला शोभेल अशा गंभीर आवाजात, एकही शब्द न गाळता, म्हणून दाखवलं,

"काचेच्या बशीत जीव इवलासा, माधवराव कदमांचं नाव घेते, हात हलका ठेवा जरासा. बरोबर."

परीक्षक बाईंनी रकान्यात टिक केली आणि माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंत ना, डॉक्टर? करा सुरू."