वाफाळत्या सूपचा फोटो

फोटोवाल्या काकूंचं निम्मं आयुष्य माणसांना सरळ बसवण्यात गेलं. त्यांचा छोटासा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, रांगती बाळं, निवृत्त होणारे साहेब असा सगळा गोतावळा तिथे येई. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि काकू स्टुडिओत माश्या मारत बसू लागल्या. शेवटी सुनेनंच सुचवलं, "आई, हल्ली हॉटेलांना ऑनलाइन मेनूसाठी पदार्थांचे फोटो लागतात. तुम्ही का नाही काढत?"

काकूंनी नाक मुरडलं. "अगं, कटलेटला काय सांगू, हस म्हणून?"

पण गेल्या. पहिल्याच कामात त्यांनी कटलेट पांढऱ्या कापडापुढे ताठ उभं करून अगदी समोरून टिपलं. सून पोट धरून हसली. "आई, हे कटलेट परदेशी चाललंय का?" काकूही हसल्या आणि शिकायला बसल्या. उजेड खिडकीतून, बाजूनं घ्यायचा. हिरवी पानं शेवटच्या क्षणी ठेवायची, नाहीतर ती मान टाकतात. हळूहळू जम बसला.

एकदा बाजारामागच्या गल्लीत एका छोट्या हॉटेलचं काम आलं. नवरा चुलीपाशी, बायको गल्ल्यावर. काकूंनी खिडकीजवळ टेबल ओढलं, कॅमेरा स्टँडवर चढवला आणि म्हणाल्या, "चला, आधी सूप."

मालकीण काकूंकडे बघून म्हणाली, "त्यांना सांगा, सूप हवंय."

'ते' हाताच्या अंतरावर उभे होते. म्हणाले, "तिला सांगा, मी बहिरा नाही."

काकू चाट पडल्या. मग मालकिणीनं हळूच कानात सांगितलं. गेल्या आठवड्यात भरल्या हॉटेलात नवऱ्यानं तिच्या कस्टर्डला पोस्टर चिकटवायची खळ म्हटलं होतं. गिऱ्हाइकं खदाखदा हसली. तेव्हापासून अबोला.

सूप आलं, पण काकूंनी कॅमेरा नीट लावेपर्यंत वाफ गायब. थंड सूप फोटोत डबक्यासारखं दिसत होतं. वाफ हवी तर कॅमेऱ्यासमोरच ओतायला हवं. एकानं वाडगा धरायचा, दुसऱ्यानं ओतायचं.

"त्यांना सांगा, हळू ओता."

"तिला सांगा, वाडगा सरळ धर."

"मी काही सांगणार नाही," काकू कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाल्या. "माझे दोन्ही हात अडकलेत. तुमचं तुम्ही बघा."

नवऱ्यानं ओतायला सुरुवात केली आणि मालकीण ओरडली, "अहो, अहो, भाजतंय!"

त्यानं पातेलं आदळलं, तिचा हात धरला आणि तिला नळाखाली नेलं. "बघू. फार पोळलं का?"

"माझ्या कस्टर्डला खळ म्हणालात तेव्हा नाही विचारलंत."

"चुकलंच माझं. तोंडातून निघालं आणि लगेच कळलं. पण तू बोलेनाशी झालीस, मग माफी मागायची कशी?"

"तशीच! तोंडानं!" ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं.

काकूंना तेवढ्यात एक झकास फोटो मिळाला होता. पण ऑनलाइन मेनूवाल्यांनी तो परत पाठवला. कारण काय, तर वाडग्याच्या कडेला अंगठा दिसतोय!

काकू पुन्हा गेल्या. या वेळी वेगळीच पंचाईत. तो म्हणे वरून मिरपूड हवी, ती म्हणे साय हवी. दोघांची टकळी इतकी सुरू की सूप दोनदा गार झालं. काकूंनी हात जोडले, "बाबांनो, घटकाभर गप्प बसता का?" तेव्हा कुठे फोटो झाला. साय घातलेला.

काकू सामान आवरून निघाल्या, तरी आत मिरपुडीचा वाद चालूच होता. मालकीण दारापर्यंत आली. "नवे पदार्थ सुरू करतोय. पुन्हा याल ना?"

"येईन की," काकू म्हणाल्या. "पण आधी मला गरमागरम जेवू घाला, मग फोटो. तुमचा वाद संपेपर्यंत सगळं गार होतं."