नदीपलीकडचं काकांचं साम्राज्य

इंग्रज जाऊन पुरती दहा वर्षंही झाली नव्हती, आणि आमच्या काकांना साम्राज्य हवं होतं. साहेबाच्या पलटणीत असताना ते मिसर देशापर्यंत, म्हणजे इजिप्तपर्यंत, जाऊन आले होते. तिथून मिशी अशी वाढवून आणली की चाकणच्या बाजारात आधी ती पोचायची, काका मागाहून.

गावात न्हाव्याच्या पिंपळाखाली रोज गोव्याच्या गप्पा चालत. पोर्तुगीज गेलाच पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत, पाराला बांधलेल्या रेड्यासकट. पण काका तेवढ्यावर थांबतील तर ते काका कसले!

"त्याला हाकला, अन् त्याचा आफ्रिकेतला मुलूख आपुन घेऊ. बोटी बांधा!"

"काका, चोराला हाकलून त्याच्याच पोत्यावर बसायचं?" मी कावून म्हणालो.

"आरं, त्या लोकांना कारभार जमत न्हाई. शिकवाया नको?"

"साहेब आपल्याला तरी दुसरं काय ऐकवत होता? आणि तुम्ही मिसरात राबलात, तुम्हाला काय मिळालं?"

"मिशी," न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. "अन् काका, तिकडं राज्य राखाया जानार कोन? आमचीच पोरं. मग हितं पेरनी कोन करनार, बोट?"

"तुमाला लांबचं दिसतच न्हाई," काका म्हणाले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पेरलं असतं तर आमची सगळी पड जमीन हिरवी झाली असती.

त्याच पावसाळ्यात काकांनी साम्राज्य स्थापन केलं. नदीपलीकडं, काकूंच्या माहेरी. मेहुण्याला शेती कळत नाही, असं त्यांनी इकडं बसूनच ठरवलं. आता आमची शेती सावडीची: एक बैल त्यांचा, एक माझा, जोडी जुंपून दोघांची कामं उरकायची. माझा वर्षाचा कांदा वखारीत होता आणि ओल धरायच्या आत तो चाकणला पोचवायचा होता. काका दोन्ही बैल घेऊन गेले. "दोन दिसांत येतो."

आमची नदी उन्हाळ्यात एवढीशी की म्हैस बसली तर धरण होतं. त्या आठवड्यात तिचा समुद्र झाला. काका तिकडं, बैल तिकडं, आणि इकडं वखारीतून असा वास सुटला की कावळेसुद्धा वळसा घालून जायला लागले.

मी रोज काठावर जाऊन ओरडायचो, "काका, पाणी कमी झालं की लगेच बैल आणा! कांदा नासतोय!"

"दम धर! हितली घडी बसंना अजून!" पलटणीतला आवाज, पुराला दाबून इकडं यायचा.

एक दिवस मात्र काकांच्या जागी त्यांचा मेहुणा काठावर आला आणि जीव खाऊन ओरडला, "पाव्हणं, बैल न्या, पर दाजींना आधी न्या! वळी वाकड्या हायेत म्हनून उभा भुईमूग नांगरला त्यांनी! आमी बोलावलं व्हतं का?"

परक्या राज्याविरुद्ध इतकं सडेतोड भाषण मी कुठल्याच सभेत ऐकलं नाही.

पाणी उतरलं तसं मेहुण्यानं स्वतः काका आणि बैल अलीकडं आणून सोडले, आणि मागं वळून न बघता गेला. मी वखार उघडली. वरचा कांदा बरा, खाली नुसता चिखल. दोघांनी नाक बांधून निवडला, तेव्हा कसाबसा निम्मा गाडीत चढला. शेवटची पाटी काकांनी स्वतः उचलून ठेवली आणि गाडीत माझ्याशेजारी बसले. मला वाटलं, चला, निम्म्या कांद्यात माणूस तरी शहाणा झाला.

चाकणची वेस दिसायला लागली तशी मिशी हलली.

"चुकलं कुठं, सांगू? आपल्याकडं आरमार नव्हतं."

मी गाडी थांबवली. "काका, खाली उतरा. बैल दमलेत."

बाजारापर्यंत ते चालत आले, आणि सगळ्या वाटेनं आरमाराचं महत्त्व स्वतःच्या बैलाला समजावत राहिले. तो मान डोलवत होता. माझा आपला खाली बघून गाडी ओढत होता.