आटपाडीचं विमान आणि पाण्याची पाळी

माळावरनं चालून आलं की धोतराला कुसळं किती लागली ते घरी पोचल्यावर कळतं. किश्शांचंही तसंच. आटपाडीचं विमान चालू होतं तोवर हसायला सवड कुणाला होती? आता चार जण बसलो की एकातनं एक निघत जातात.

मी कुंडलचा. लढाई संपली, फौजेतनं सुटून आलो आणि आटपाडीला विमान उतरायचं त्या माळावर चाकरीला लागलो. झेंडा दाखवणं, तिकीट फाडणं, मेंढरं हाकलणं, सगळं माझ्याकडं. पायलट जोशी, वाईचा. विमान एवढंसं, उतारू दोनच. आठवड्यातनं एकदा सकाळी सांगलीला जायचं, संध्याकाळी परत. तिकीट मोटारीएवढंच, बाकी खर्च संस्थानच्या दरबारचा. अट एकच. आटपाडीहून फेरी रिकामी गेली की मदत बंद, आणि मदत बंद म्हणजे विमान बंद.

पाटलांनी हे मनावर घेतलं. आदल्या पावसाळ्यात ओढे भरले, गाडी अडकली आणि त्यांची सून दवाखान्यात पोचायच्या आतच गेली होती. चावडीवर ते म्हणाले, "काय वाट्टेल ते हुदे, ह्ये बंद पडू द्यायचं न्हाई. हिरीच्या पान्याला पाळी लावतो न्हवं? तशीच हितं लावू." ज्या विहिरीची पाळी, त्या घरानं त्या आठवड्याला माणूस द्यायचा. पाळी चुकवायची कुणाची छाती नव्हती.

* * *

पहिल्या फेरीला आनंदा नावाचा धिप्पाड गडी बसला. सांगलीला उतरला तर खाली तापलेली खडी आणि हा अनवाणी. जोशी म्हणाला, "अहो, चपला?"

"आटपाडीत दारातच काढल्यात की. दुसऱ्याच्यात पायतान घालून जात्यात व्हय?"

तेव्हापासून उडायच्या आधी जोशी विमानाच्या दाराखाली वाकून बघायचा.

* * *

मग म्हाताऱ्या तात्यांची पाळी आली. जोशीनं सहज विचारलं, "तात्या, सांगलीला काय काम काढलंत?"

"काम कसलं? आज आमच्या हिरीची पाळी हाय."

सांगलीच्या मैदानावर तात्यांनी झाडाखाली भाकरी खाल्ली, झोप काढली आणि संध्याकाळी परत आले. मी विचारलं, "कशी काय वाटली सांगली?"

"बघितली की वरनं. लय मोठी हाय."

* * *

एका विहिरीत दोन भावांचा निम्मानिम हिस्सा. दोघांचं बोलणं बंद, पण हिस्सा कुणी सोडेना. पंच बसले. निवाडा झाला: जाताना थोरल्यानं बसायचं, येताना धाकट्यानं! त्यासाठी धाकटा कितीतरी आधीच बैलगाडी जुंपून सांगलीला निघाला. परतीला विमानातनं रुबाबात उतरला. थोरला मात्र तीच गाडी हाकत, धूळ खात घरी आला. बैलजोडी सामाईक होती, म्हणून भागलं.

* * *

हे सगळं दरबारच्या कानावर गेलंच. फेरीच्या दिवशी सकाळीच एक अधिकारी माळावर आले आणि पाटलांना म्हणाले, "तुम्ही माणसं नुसती बसवता. सांगलीला जायची खरोखर गरज आहे असा एक प्रवासी मला आत्ता दाखवा. नसेल तर मदत आजपासून बंद."

पाटील हटले नाहीत. "गरज लय जनास्नी हाय, सायेब. जरा दम धरा." आणि माझ्याकडं वळून, "पळ रं!"

मी सायकल पिटाळली. पाळीची सगळी घरं पालथी घातली. सांगलीला काम कुणालाच नव्हतं. रडकुंडीला आलो. वेशीबाहेर सखुबाई दिसली, शेतावर रोजानं राबणारी. डोक्यावर बोचकं, पाय सांगलीच्या वाटेला.

"कुठं, सखुबाई?"

"सांगलीला. ल्योक दवाखान्यात पडलाय न्हवं."

बोचकं सायकलला अडकवलं आणि तिला माळावर घेऊन आलो. साहेबांनी तिला दोन-चार प्रश्न विचारले, त्यांची खात्री पटली. "मदत चालू राहील," ते म्हणाले, आणि पाटलांचा जीव भांड्यात पडला. जोशीनं तिला आत चढायला हात दिला.

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "बाई, याआधी कशा जात होता?"

"चालत."

"तिकीट तर मोटारीएवढंच आहे. मग विमानानं का नाही गेलात?"

सखुबाईनं पदर सावरला, पाटलांकडं बघितलं आणि म्हणाली, "आवं सायेब, आमास्नी हीर कुठं हाय?"