आजोबांच्या कॉम्प्युटरची वायर

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबांचा तो टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर कुठे गेला? तो अकोल्याला आहे. तिथे कसा पोचला ते नीट सांगते, म्हणजे तुमच्या परतवाड्याच्या आजोबांची आणि अकोल्याच्या एका मिस्त्रींची तुम्हाला ओळख होईल.

कॉम्प्युटर म्हणजे एका जाड वहीएवढी पेटी, वर बटणं. पडदा नव्हता, टीव्हीला जोडावा लागे. प्रोग्राम कॅसेटवरून चढे, टेपरेकॉर्डर पाचेक मिनिटं किंचाळत राही. तुमचे आजोबा कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी तो जुनाच विकत आणला आणि कोणी शिकवणारं नसताना, चौकटीच्या कागदावर एकेक ओळ लिहून स्वतः शिकले. चूक सापडली की त्यांना जो आनंद होई, तो मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

ते निवृत्त झाल्यावर तुमच्या बाबांनी नवा कॉम्प्युटर घेऊन दिला. राजापेठेतल्या आमच्या घरात टेबल एकच. जुना कपाटात गेला, पण आजोबा महिन्यातून एकदा तो काढून लावत. वर्षभर असं झाल्यावर म्हणाले, "माझ्यानंतर याला कोण लावणार? आत्ताच चांगल्या घरी द्यावा."

विकू नये असं मला वाटत होतं. पण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

ओळखीत सांगून ठेवल्यावर दोन गिऱ्हाइकांनी विचारणा केली. पुण्याच्या एका गृहस्थांना तो काचेच्या कपाटात ठेवायला हवा होता, आणि ते किंमतही जास्त देत होते. दुसरे अकोल्याचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे मिस्त्री. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न केला, "सायेब, चालते का?"

"चालतो. माझा शब्द आहे," आजोबा म्हणाले.

"मंग पाठवा. पन बंद निंगाला त वापस करीन, आधीच सांगून ठेवतो."

आजोबांनी पुण्याला नकार कळवला.

पाठवायच्या दिवशी सकाळी परतवाड्याहून माझे धाकटे दीर, म्हणजे तुमचे परतवाड्याचे आजोबा, आले होते. ते शेती करतात. खोक्याला सुतळी त्यांनीच बांधली. सुतळी बांधावी ती त्यांनीच. ओळखीच्यांची गाडी अकोल्याला जात होती, तिच्यात खोकं गेलं.

संध्याकाळी चहा चालू असताना मिस्त्रींचा फोन. "सायेब, मशीन भेटली. तार कुठी हाय? डब्बीवाली."

भिंतीतली वीज या कॉम्प्युटरला सोसत नसे. मध्ये एक काळी डबी होती, तिला दोन तारा: एक भिंतीकडे जाणारी, दुसरी वेगळ्याच पिनेची, कॉम्प्युटरकडे. दुसरी कुठली डबी लावली तर मशीन जळण्याची भीती. मी ती स्वतः कागदात गुंडाळून खोक्यात ठेवली होती. फोन ठेवताना आजोबांचा चेहरा उतरला. "त्याला वाटेल, मी बंद मशीन चिकटवलं."

मी कपाट उपसायला घेतलं. तेवढ्यात दीर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "वैनी, कायले हुडकून राह्यल्या? तार माह्या पिशवीत हाय."

"तुह्या पिशवीत? काहून?" आजोबा ओरडलेच.

"काहून म्हंजे? बैल इकला त दावं देते का कोनी?"

बाळांनो, आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याची दोरी देत नाहीत. ती परत आणून गोठ्यात अडकवायची, म्हणजे गोठा कायमचा रिकामा राहत नाही. ती वर्षं कापसाला भाव नसलेली. बाजाराच्या दिवशी खांद्यावर नुसती दावी टाकून घरी येणारी माणसं परतवाड्याच्या रस्त्यावर दिसत. दिरांनीही आदल्या उन्हाळ्यात आपली जोडी विकली होती.

"अरे, मी शब्द देल्ला त्या मानसाले!"

"अन् मी तुह्या घरातून दाव्यासगट जाऊ देऊ? दादा, तू लय शिकला, पन हे तुले समजत नाई."

मी हसले नाही. आजोबांचा शब्द खोटा पडत होता, आणि भावाचं घर रिकामं होऊ नये म्हणून हा माणूस शिव्या खायला तयार होता. दोघांपैकी कोणाची बाजू घेऊ?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने अकोल्याला गेलो. पिशवी दिरांच्या मांडीवर. ती काही त्यांनी सोडली नाही.

मिस्त्रींचं दुकान एका गल्लीत, खोलीभर उघडे रेडिओ. आजोबांनी घडलेलं सगळं सांगितलं, मान खाली घालून. मिस्त्री हसतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बराबर हाय ना. आमच्या अब्बांनं म्हैस इकली, तवा दोर घरीच आनला होता." मग डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "पिनवाली तार मशीनची हाय, ते मले लागते. भिताडाकडची तुमची. चालंल?"

दिरांनी वाकून दोन्ही तारा पाहिल्या. मग म्हणाले, "खुट्याकडची ना? तेच त दावं."

मिस्त्रींनी डबी उघडली. जुन्या वस्तूंचा शौक असणारी माणसं मूळ भागाला हात लावू देत नाहीत, हे आजोबांनी मला पूर्वीच सांगितलं होतं. यांनी मात्र कय्याने, म्हणजे डाग द्यायच्या तापल्या सळईने, मूळ तार सोडवली, नवी जोडली, ओढून पाहिली. जुनी गुंडाळून दोन्ही हातांनी दिरांना दिली.

मग त्यांनी कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. बटण दाबलं. काही क्षण नुसता काळा पडदा, आणि आजोबांचा हात टेबलाची कड धरून. मग अक्षरं उमटली.

"सायेब, शब्द खरा हाय तुमचा," मिस्त्री म्हणाले आणि दिरांना पुढे बोलावलं. दिरांनी आजवर त्या पेटीला बोट लावलं नव्हतं. त्यांनी एक बटण दाबलं, पडद्यावर अक्षर आलं. "जित्तं हाय," ते म्हणाले. मग मशीन कुठे ठेवणार, तिथे ओल येते का, उंदीर आहेत का, हे सगळं त्यांनी मिस्त्रींना विचारून घेतलं. मिस्त्रींनी एकेकाचं उत्तर दिलं आणि शेवटी मागची खोली उघडून दाखवली. तिथे अशी चार मशीनं होती, चारही चालू.

घरी आल्यावर आजोबांनी ती तार टेबलामागच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. मी विचारलं, "तुमचा विश्वास आहे यावर?"

"माझा नाही," ते म्हणाले. "पण तो आला आणि खिळा रिकामा दिसला, तर त्याला काय सांगू?"