करडईतला हरभरा

सुप्याच्या माळावरचं आमचं रान कोरडवाहू. आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या दरवर्षी रब्बीला सगळीकडे करडईच पेरायचे. नव्वद सालानंतर ती करडई उभ्या उभ्या पिवळी पडून वाळायला लागली. मर रोग म्हणत त्याला.

आबा बारामतीला शेतीखात्यातल्या साहेबांना भेटून आले. तेच ते पीक घेऊन जमिनीतले चांगले जिवाणू कमी झालेत, रोगाची बुरशी वाढलीय, करडईत हरभरा घेऊन बघा, असं त्यांनी सांगितलं होतं. जिवाणूंचं एक पाकीटही दिलं होतं. आबांनी ती काळी भुकटी गुळाच्या पाण्यात कालवली, हरभऱ्याला चोळली आणि बी सावलीत वाळत घातलं.

तात्या बघत उभे होते. "बियाला काळं फासून पीक येतं व्हय, दादा? करडईची जागा हरभऱ्याला दिल्यावर तेलाला काय ऱ्हाईल?"

"वाळल्या झाडातनं तरी कुठं तेल निघतंय?" आबा म्हणाले.

शब्दानं शब्द वाढला. रान निम्मं निम्मं झालं, पेरण्या वेगळ्या झाल्या आणि एकाच अंगणात राहून दोघं भाऊ बोलेनासे झाले.

थंडीत मी कॉलेजातून घरी आले, तेव्हा आबांनी हरभऱ्याचं एक झाड उपटून मुळांवरच्या गाठी दाखवल्या. एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी.

"जित्या हायत," ते म्हणाले. "ह्यातलं जिवाणू हवेतलं खत धरून ठेवत्यात." किती तरी वेळ ते झाड त्यांच्या हातातच होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत छातीत कळ आली आणि आबा गेले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. तात्या मातीला आले, खांदा दिला, पण आईला न भेटताच आपल्या घरात गेले.

हरभरा आम्ही मायलेकींनी कसाबसा काढला. करडई पहाटे कापतात, दवानं काटे मऊ असतात म्हणून. हाताला फडकी गुंडाळून आम्ही रानात गेलो, तर तात्या आधीच आमच्या ओळीत वाकलेले. हात उघडेच होते, रक्ताळलेले.

"तुमचं रान सोडून हितं?" आईनं विचारलं.

"माझ्यात कापण्याजोगं काय न्हाय, वहिनी." ते मान वर न करता म्हणाले. "दादाचं बरोबर व्हतं. मी त्याच्याशी बोलाया पायजे व्हतं."

आईनं आपल्या हाताचं फडकं सोडून त्यांना दिलं. आबा गेल्यापासून ती रडली नव्हती. त्या दिवशी करडईच्या काट्यांत बसून ती रडली, आणि तात्याही.

आमच्याकडेही काही झाडं वाळलीच होती. पण उरलेल्यांना फांद्या जास्त होत्या, बोंडं भरलेली होती. त्यातून निघालेलं तेल आईनं दोन डब्यांत सारखं ओतलं आणि एक डबा तात्यांच्या घरात नेऊन ठेवला. पुढच्या रब्बीला रानाची पेरणी पुन्हा एकत्र झाली.